‘पसरण्याची शक्यता कमी’: एक मायक्रोआरएनए अहवाल आणि तासगाव तालुक्यातली एक रुग्ण

रुग्ण स्त्री, वय 47, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मिरजेत पोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण अशा प्रकारचा अहवाल हातात घेऊन येणारी कुटुंबं आता वाढू लागली आहेत आणि तो कसा वाचायचा हे मराठीत कुठे नीट मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

तक्रार साधी होती. दोन घास खाल्ले की पोट भरतंय, छातीच्या खाली गच्च वाटतंय, जेवण जात नाही. गावात पित्त म्हणून कित्येक महिने गोळ्या चालू होत्या आणि गोळ्यांनी थोडं बरंही वाटत होतं. घोटाळा इथेच होतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जठराच्या कर्करोगाची जळजळसुद्धा काही काळ दबते आणि घरच्यांना वाटतं की औषध लागू पडलंय. दरम्यान साडीच्या निऱ्या जास्त पडू लागल्या, ब्लाउज सैल झाले, हिमोग्लोबिन 8 च्या आसपास आलं. थकवा छाटणीच्या कामावर ढकलला गेला. बाईच्या अंगातलं रक्त कमी झालं की कारण शोधायच्या आधी लोहाच्या गोळ्या सुरू होतात, हे आपल्याकडे फार घडतं. पन्नाशीच्या आसपास वजन उतरतंय, रक्त कमी होतंय आणि लवकर पोट भरतंय, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर घशातून दुर्बीण टाकून जठर बघायलाच हवं.

दुर्बिणीत मोठा व्रण किंवा गाठ नव्हती. जठराच्या मधल्या भागाची भिंत जाड आणि ताठ होती, हवा भरल्यावर तो भाग फुलत नव्हता. वरून चिमटा घेतला तर अशा ठिकाणी हाती काही लागत नाही, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा खोल तुकडे घेतले. पॅथॉलॉजीचा निष्कर्ष: एकमेकींना न धरणाऱ्या, सुट्या पेशींचा कर्करोग, त्यात सिग्नेट रिंग पेशी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी. सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. लॉरेन यांनी 1965 मध्ये जठराच्या कर्करोगाची जी विभागणी केली, तिच्यातला हा विखुरलेला म्हणजे डिफ्यूज प्रकार. सीटी स्कॅनमध्ये भिंत जाड, जवळच्या काही लिम्फच्या गाठी वाढलेल्या, यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ, पोटात पाणी नाही.

इथपर्यंत रोग जठरापुरता आहे असं दिसत होतं. पुढचा टप्पा माझ्या दृष्टीने ठरलेला होता: भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची, पोटाचा आतला पडदा डोळ्यांनी बघायचा, सलाइनने धुऊन ते पाणी तपासायला पाठवायचं आणि मगच केमो आधी की शस्त्रक्रिया आधी, हे ठरवायचं. डिफ्यूज प्रकार रक्तातून यकृताकडे जाण्यापेक्षा पोटाच्या पडद्यावर पेरला जाण्याकडे जास्त कलतो. पडद्यावरचे काही मिलिमीटरचे दाणे सीटीत बहुधा दिसत नाहीत. पेट स्कॅनचाही या प्रकारात पुरेसा भरवसा नाही, कारण त्या स्कॅनसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर सिग्नेट रिंग पेशी फारशी शोषत नाहीत.

त्याच आठवड्यात मुलगा एक अहवाल घेऊन आला. तो सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो, शिकलेला आहे, आईच्या आजाराबद्दल मिळेल ते वाचत होता. एका खाजगी प्रयोगशाळेने आईच्या रक्तातल्या काही मायक्रोआरएनएंची पातळी मोजून खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: पसरण्याची शक्यता कमी. बेदाण्याच्या सौद्यातून आलेले पैसे त्यावर गेले होते. त्याचा प्रश्न रास्त होता. “सर, ह्यात लो रिस्क आलंय. मग आईला दोनदा भूल कशाला द्यायची? एकदाच काय ते ऑपरेशन करून टाकू.”

मी अहवाल बाजूला सारला नाही. त्यात नावं घेतलेले रेणू खरे आहेत आणि कर्करोग पसरण्यातलं त्यांचं काम गेल्या वीस वर्षांत उत्तम अभ्यासलं गेलं आहे. म्हणून आधी विज्ञान, मग अहवाल, या क्रमाने आम्ही बसून बोललो.

मायक्रोआरएनए म्हणजे काय आणि तो काय करतो

पेशीतल्या जनुकाचा निरोप आरएनएच्या रूपात बाहेर पडतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए हे साधारण 22 अक्षरांचे छोटे आरएनए. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते अशा निरोपाच्या शेपटाकडच्या भागाला चिकटतात आणि तो निरोप दाबतात किंवा मोडायला लावतात. चिकटण्यासाठी दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जुळली तरी बहुतेक वेळा पुरतं, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो निरोपांवर हात ठेवून असतो. मुलाला मी पाटकऱ्याचं उदाहरण दिलं: पाटकरी शेतात काही पिकवत नाही, पण कुठल्या वावराला किती पाणी सोडायचं ते त्याच्या हातात असतं. तो लगेच म्हणाला, “म्हणजे पाटकरी फिरला की सगळ्या शिवारावर परिणाम.” तसंच आहे.

पहिला मायक्रोआरएनए 1993 मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी त्याचं काम उलगडलं आणि त्यासाठी दोघांना 2024 चं नोबेल पारितोषिक मिळालं. कर्करोगाशी नातं पहिल्यांदा 2002 मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात दिसलं. त्या रुग्णांमध्ये मीर-15 आणि मीर-16 (मीर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) असलेला गुणसूत्राचा तुकडाच गळून गेला होता.

आता पसरण्याकडे. जठराच्या आवरणातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात. डिफ्यूज कर्करोगात ही पकड सुटते. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत होता. 1998 मध्ये तिथे ई-कॅडहेरिनच्या जनुकातला, म्हणजे सीडीएच1 मधला, जन्मजात दोष सापडला. पण बहुतेक रुग्णांत जन्मजात दोष नसतो, पकड नंतर सुटते. तिथे मीर-200 हे कुटुंब महत्त्वाचं ठरतं. पेशीत झेब1 आणि झेब2 अशी दोन प्रथिनं असतात, ती ई-कॅडहेरिनचं जनुक बंद करतात. मीर-200 त्या झेबला दाबून ठेवतो. मीर-200 कमी झाला की झेब वर येतो, ई-कॅडहेरिन जातं, पेशी शेजारणीचा हात सोडते, लांबट होते आणि हलू लागते. उलट बाजूने झेबही मीर-200 ला दाबतो. त्यामुळे एकदा तोल झेबकडे झुकला की तो तसाच टिकतो.

दुसरं नाव मीर-21. हा जठराच्या कर्करोगात वाढलेला आढळतो. पेशीच्या वाढीला लगाम घालणारं पीटेन आणि आजूबाजूचं ऊतक कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) आवरणारं रेक, या दोन्हींना तो दाबतो. या रुग्णाच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचं वाटलेलं काम 2018 चं आहे. जठराच्या कर्करोगपेशी मीर-21 सूक्ष्म पुड्यांत, म्हणजे एक्झोसोममध्ये भरून बाहेर सोडतात. त्या पुड्या पोटाच्या पडद्याच्या पेशी आत घेतात. तिथे स्मॅड7 नावाचं प्रथिन दाबलं जातं, पडद्याच्या पेशींचा पोत बदलतो आणि सुटून आलेल्या कर्करोगपेशींना तिथे रुजायला जागा मिळते. पेशी पोचण्याआधीच जमीन तयार केली जाते. याखेरीज मीर-218, मीर-148ए, लेट-7 अशी आणखी नावं आहेत. जठराच्या कर्करोगात ती कमी झालेली आढळतात आणि ती कमी झाली की पेशींची हालचाल वाढते. त्यांच्या खोलात इथे जात नाही.

अहवालात नेमकं काय होतं

अहवाल पुन्हा उघडला. मीर-200सी वाढलेला, म्हणून ‘संरक्षक’. मीर-21 सीमारेषेवर. बाकी दोन-तीन ठीक. या बेरजेतून शक्यता कमी.

पहिली अडचण मीर-200सीच्या अर्थाची. गाठीच्या आत मीर-200 असणं पकड टिकल्याची खूण असू शकतं, पण रक्तात तो वाढणं वेगळी गोष्ट आहे. रक्तात तो येतो कुठून? आवरणाच्या पेशी मोडतात, सुटतात, रक्तात पडतात, तेव्हा त्यांच्यासोबत. स्पेनमधल्या 2012 च्या एका अभ्यासात जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात मीर-200सी निरोगी लोकांपेक्षा जास्त होता आणि तो जास्त असलेल्यांचं आयुष्य कमी होतं. शिवाय स्तनाच्या कर्करोगावर उंदरांत झालेल्या कामात मीर-200 दूरच्या अवयवात वस्ती करायला पेशींना मदतच करतो असं दिसलं, कारण नव्या जागी रुजताना पेशींना पुन्हा एकमेकींना धरावं लागतं. म्हणजे ज्या आकड्याला अहवाल दिलासा म्हणत होता, तो उलट दिशेनेही वाचता येतो. जिवंत माणसाच्या उपचाराचा निर्णय अशा आकड्यावर टाकायला मी तयार नाही.

दुसरी अडचण मुलाने स्वतः शोधली, मी फक्त बोट दाखवलं. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुना घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ छापलेली होती. मध्ये एक दिवसाहून जास्त. रक्त घरी येऊन साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं, कुरिअरने गेलं. तांबड्या पेशींत आणि बिंबाणूंत (प्लेटलेटमध्ये) मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. नळी हलली, तापली, प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेळेत वेगळा केला नाही, तर त्या पेशी फुटतात किंवा गळतात आणि आपण कर्करोगाचा निरोप समजून तांबड्या पेशींचा निरोप मोजतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा मीर-451 आणि मीर-23ए यांचं प्रमाण बघून आधी रक्त फुटलंय का ते तपासतात. या अहवालात ती ओळ नव्हती. पातळी कशाच्या तुलनेत मोजली, आधाराला कुठला रेणू घेतला, हेही नव्हतं. रक्तातल्या मायक्रोआरएनएसाठी सर्वमान्य आधार अजून ठरलेला नाही, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. मीर-21 तर नुसत्या दाहानेही वाढतो, आणि या बाईंच्या जठरात हेलिकोबॅक्टर होताच.

रक्तातले मायक्रोआरएनए उपयोगी ठरलेत अशी जागा आहे, तीही सांगतो. सिंगापूरमध्ये 12 मायक्रोआरएनएंची एक रक्तचाचणी जठराचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी वापरात आली आहे. पाच हजारांहून जास्त लोकांवर ती पडताळून 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. पण तिचा उद्देश कोणाला दुर्बिणीने तपासायचं हे निवडणं, एवढाच आहे. कर्करोग पोटात पसरला का, याचं उत्तर ती देत नाही आणि तिच्या नावावर ते उत्तर विकणंही बरोबर नाही.

मुलाला मी शेवटी एवढंच विचारलं: या कागदात ‘पसरलंय’ असं असतं, तर तू ऑपरेशन नको म्हणाला असतास का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नाही. तेव्हा तुम्हाला आत बघाच म्हणालो असतो.” दुर्बिणीची संमती त्याच दिवशी मिळाली.

पोटात काय दिसलं

बेंबीजवळून तिरपा कॅमेरा आत घातला. यकृत गुळगुळीत. जठराची पुढची भिंत पांढुरकी, ताठ, बाहेरच्या आवरणापर्यंत रोग आलेला. पहिल्या नजरेत पडदा स्वच्छ वाटला. टेबल डोक्याच्या बाजूने उंच करून उजव्या श्वासपटलाचा खालचा भाग पाहिला, तिथे दोन ते तीन मिलिमीटरचे पांढरट, टणक दाणे. मोठ्या आतड्याच्या वर लोंबणारा चरबीचा पदर हळूच उलगडला, त्याच्या दुमडीतही तसेच काही. चिमट्याने तीन दाणे काढले, पोट सलाइनने धुऊन पाणी घेतलं. दोन्हींत सिग्नेट रिंग पेशी निघाल्या. धुवणाच्या पाण्यात पेशी सापडल्या तरी टीएनएम पद्धतीने, म्हणजे गाठ, लिम्फच्या गाठी आणि दूरचा पसार यांवरून टप्पा ठरवण्याच्या पद्धतीने, रोग चौथ्या टप्प्यात मोजला जातो. इथे तर दाणेही होते.

सरळ शस्त्रक्रिया केली असती तर काय झालं असतं? पोट उघडल्यावर दाणे दिसून पुन्हा शिवलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जठर काढलं असतं. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमध्ये झालेल्या रेगाटा चाचणीत, एकाच कारणाने बरा न होणाऱ्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांचं आधी जठर काढून केमो देणं आणि नुसता केमो देणं यांची तुलना झाली. निकाल 2016 मध्ये आले. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलं नाही: नुसत्या केमोच्या गटात मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 16.6 महिने, शस्त्रक्रियेच्या गटात 14.3. जठर काढलेल्या माणसाला केमोचा पूर्ण डोस सोसत नाही, खाणं तुटतं, वजन आणखी उतरतं. एका चुकीच्या दिलाशापायी या बाईंच्या वाट्याला तेच आलं असतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचलं ते हे, आणि म्हणूनच हे लिहितोय.

घरच्यांचं म्हणणं होतं, आईला सांगू नका. पण दुसऱ्या दिवशी राऊंडला बाईंनी स्वतःच विचारलं, “डॉक्टर, पसरलंय न्हवं? खरं सांगा. ऑक्टोबरची छाटणी कुणावर सोपवायची ते मला ठरवायला पाहिजे.” मी पलंगाशेजारी स्टूल घेतलं आणि सांगितलं: ताई, पोटाच्या पडद्यावर गेलंय, ऑपरेशनने निघणार नाही, औषधाने आवरता येतं, किती दिवस ते माणसागणिक बदलतं. त्या रडल्या नाहीत. मुलाला बोलावून आधी बागेचं ठरवलं, मग केमोची तारीख विचारली.

बायोप्सीच्या मेणातल्या तुकड्यावर ज्या तपासण्यांनी उपचार प्रत्यक्ष बदलतो, त्या केल्या. हर2, म्हणजे ज्यावर नेमकं औषध देता येतं ते प्रथिन, नकारात्मक. जनुकदुरुस्तीची प्रथिनं शाबूत. पीडी-एल1, म्हणजे इम्युनोथेरपी किती लागू पडेल याचा अंदाज देणारं प्रथिन, कमी. ई-कॅडहेरिनचा रंग पेशींच्या कडेवरून गेलेला. वय पन्नाशीच्या आत आणि प्रकार डिफ्यूज, म्हणून सीडीएच1 ची जन्मजात तपासणीही केली. तिच्यात दोष मिळाला नाही. मुलाने इथे नेमकं विचारलं, “ही तपासणी चालते आणि ती चालत नाही, असं का?” फरक असा, की सीडीएच1 मध्ये दोष सापडला तर नातेवाइकांनी काय करायचं हे ठरलेलं आहे, नमुना कसा घ्यायचा हे ठरलेलं आहे आणि एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत पडताळता येतो. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून पसरण्याचा अंदाज बांधण्यात यातलं एकही अजून बसलेलं नाही.

त्याने हळदीबद्दलही विचारलं, आणि सांगलीत हा प्रश्न येणारच. कर्क्युमिनने मीर-21 कमी होतो, असं त्याने वाचलं होतं. ते खरं आहे: आतड्याच्या कर्करोगपेशींवर तसं काम 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतलेलं कर्क्युमिन होतं. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि त्या पातळीच्या आसपासही पोचत नाही. भाजी-आमटीतली हळद चालू ठेवा, कर्क्युमिनच्या कॅप्सूल केमोच्या काळात बंद, असं सांगितलं. त्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोत यकृत जपायचं असतं.

मायक्रोआरएनएच औषध म्हणून देता येईल का, हाही प्रयत्न झाला आहे. मीर-34ए ची नक्कल शिरेतून देण्याची चाचणी रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. हे ऐकून तो खट्टू झाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण लपवण्यात अर्थ नव्हता.

सध्या दर पंधरा दिवसांनी फॉलफॉक्स चालू आहे: ऑक्सॅलिप्लॅटिन आणि छेचाळीस तासांच्या पंपातून फ्लुरोयुरॅसिल, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार वस्तूला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून माठाचं पाणी बंद आणि पहाटेच्या थंडीत बागेत जाणंही बंद. केमोच्या काही फेऱ्यांनंतरच्या स्कॅनमध्ये जठराची भिंत थोडी पातळ झाली आहे, नवीन काही नाही. भाकरी आता अर्धी जाते, वजन थांबलं आहे. रोग आटोक्यात आहे, गेलेला नाही, हे त्यांना माहीत आहे.

बाईंचा मुलगा, मुलगी आणि त्यांची स्वतःची धाकटी बहीण यांची हेलिकोबॅक्टरसाठी शौचाची चाचणी केली. हा जंतू जठराच्या कर्करोगाचं कारण असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच मान्य केलं आहे आणि रुग्णाच्या सख्ख्या नात्यात तो शोधून संपवणं फायद्याचं ठरतं. मुलगा आणि बहीण दोघांत तो निघाला. दोघांचा चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स झाला. तो संपून महिना उलटला की जंतू खरंच गेलाय का ते पाहायला पुन्हा तीच चाचणी करायची आहे, आणि बहिणीला अधूनमधून जेवणानंतर पोट गच्च वाटतं म्हणून तिची घशातून दुर्बीण पुढच्या आठवड्यात ठेवली आहे.